वाकडं पाऊल सरळ होताना : प्लास्टर, बूट आणि सिस्टरचे डोळे

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

 

आजचा विषय आहे हाडं, सांधे आणि स्नायू यांचा त्रास असलेल्या लहान मुलांची शुश्रूषा. विषय फार मोठा आहे. तासाभरात सगळं सांगायला गेले, तर तुमच्या हाती आजारांची नुसती यादी येईल. म्हणून मी एकच आजार मधोमध ठेवणार आहे. जन्मतःच आत वळलेलं पाऊल, ज्याला दवाखान्यात क्लबफूट म्हणतात. तो निवडण्याचं कारण असं की यात डॉक्टरांचं काम काही मिनिटांचं असतं, आणि सिस्टरचं आणि आईचं काम चार-पाच वर्षांचं. ते काम नीट झालं तर मूल पळतं. नाही झालं तर पाऊल पुन्हा वळतं. शिवाय प्लास्टरची काळजी एकदा क्लबफूटमध्ये समजली, की हात मोडलेल्या मुलाच्या बाबतीतही तीच कामाला येते.

मुलाचं हाड वेगळं असतं

आधी एक गोष्ट पक्की करू. मुलाचं हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी प्रत नव्हे. वाळलेली काडी मोडली तर काड्कन दोन तुकडे होतात. ओली फांदी वाकवा, ती एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने वाकून राहते. मुलांची हाडं बरेचदा अशीच मोडतात. त्यांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची चकती असते, तिथून हाड लांब होतं. तिला इजा झाली तर तो हात किंवा पाय पुढे आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो.

आणि नवजात बाळाचं पाऊल? त्यातली कितीतरी हाडं अजून हाडं झालेलीच नसतात, कूर्चाच असते. सांध्यांना बांधून ठेवणारे बंध हळूहळू ताणता येतात. म्हणजे ते पाऊल घडवता येतं. क्लबफूटचा सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणूनच तो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू केला तर सगळ्यात सोपा जातो.

क्लबफूट म्हणजे काय, आणि काय नव्हे

बाळ जन्मलं आणि त्याचं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे पाहतोय असं दिसलं, तर तो क्लबफूट असू शकतो. साधारण हजारात एका बाळाला हा असतो. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात, म्हणजे वीस हजारांहून अधिक बाळांचा हा प्रश्न आहे. मुलग्यांमध्ये तो मुलींच्या साधारण दुप्पट दिसतो. जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात.

पोटात अवघडून बसल्यामुळे नुसतं आत वळलेलं पाऊलही असतं. ते बोटाने सहज सरळ होतं. क्लबफूट तसं सहज सरळ होत नाही. सिस्टरने बाळाची पाठही बघायची. पाठीच्या मणक्यावर गाठ, केसांचा पुंजका किंवा खळगा आहे का? कंबर, गुडघे, हाताचे सांधे आखडलेले आहेत का? असं काही असेल तर पाऊल हा मोठ्या आजाराचा एक भाग असू शकतो, आणि ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपल्याकडे असं बाळ झालं की घरात पहिला प्रश्न विचारला जातो, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" किंवा "वाकून काम केलंस का?" बाळंतीण चार दिवसांची, तिचे टाके ओले, आणि सगळं घर तिच्याकडे बघतंय. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, पाऊल तपासायच्या आधी एक वाक्य बोला. सासूबाई आणि नवरा ऐकत असताना बोला : "ताई, यात तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. आणि हे पाऊल बरं होतं." ही नुसती धीर देण्याची गोष्ट नाही बरं का. जिच्यावर दोष टाकलाय, ती बाई दर आठवड्याला एसटीने दवाखान्यात यायला घरातून पैसे कसे मागणार? दोष काढून टाकणं हा उपचाराचाच भाग आहे.

डॉ. पोन्सेटी यांची पद्धत

आज जगभर जी पद्धत वापरतात, ती डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. १९१४ साली स्पेनमधल्या मिनोर्का बेटावर त्यांचा जन्म झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले. पुढे फ्रान्स आणि मेक्सिकोमार्गे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात आले. त्या काळी क्लबफूटवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत असत. पाऊल दिसायला सरळ व्हायचं, पण मोठेपणी ते कडक आणि दुखरं राहायचं. पोन्सेटींनी ते पाहिलं आणि ठरवलं, कापायचं कमी, घडवायचं जास्त. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुरुवात केली. पण बहुतेक डॉक्टरांनी कित्येक दशकं तिकडे लक्षच दिलं नाही. १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं, पालकांनी एकमेकांना इंटरनेटवरून सांगायला सुरुवात केली, आणि मग पद्धत पसरली. २००९ साली ते गेले, तोवर ती जगभर पोहोचली होती.

पद्धत अशी. दर आठवड्याला डॉक्टर हाताने हळुवार पाऊल थोडंसं बाहेर वळवतात आणि त्या स्थितीत बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात. गुडघा काटकोनात वाकवलेला असतो. गुडघा सरळ ठेवला तर बाळ प्लास्टरमधून पाय ओढून काढतं. पुढच्या आठवड्यात ते काढायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं, नवीन घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. त्यानंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिसची दोरी, अगदी छोट्या छेदातून कापावी लागते. जागा बधिर करून काही मिनिटांत होतं ते. मग शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. तेवढ्यात ती शीर वाढून पुन्हा जुळते. आणि त्यानंतर बूट. बुटांकडे मी नंतर येते, कारण खरी लढाई तिथे आहे.

प्लास्टरच्या दिवशी

प्लास्टरच्या दिवशी सिस्टरचं पहिलं काम म्हणजे बाळ शांत ठेवणं. रडणारं बाळ पाय ताठ करतं आणि मग डॉक्टरांना पाऊल नीट धरता येत नाही. म्हणून आईला आधीच सांगा, घरून निघताना पोटभर पाजू नका, थोडी भूक राहू द्या. प्लास्टर चालू असताना बाळाला अंगावर घ्या. दूध पिणारं बाळ पाय सैल सोडतं.

दुसरं, जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी काढू नये. आठवडाभर कमावलेलं पाऊल एका रात्रीत थोडं मागे जातं. त्याच सकाळी दवाखान्यात कोमट पाण्यात भिजवून काढावं, आणि मधल्या वेळात बाळाला स्वच्छ पुसून घ्यावं. आईला तेवढाच आनंद. आठवड्यातून एकदा पाय बघायला मिळतो.

तिसरं, ओलं प्लास्टर तळहातावर घ्यायचं, बोटांनी चिमटीत धरायचं नाही. बोटाचा खळगा पडला, की तो आतून कातडीला टोचत राहतो आणि तिथे जखम होते. आणि जखम दिसत नाही, कारण ती प्लास्टरच्या आत असते. वास येतो, बाळ चिडचिडं होतं, तेव्हा कळतं.

घरी जाताना : बोटं बघा

आईला घरी पाठवताना पाच पानांची पत्रिका देऊ नका. एकच वाक्य द्या : "बोटं बघा." आणि तिच्याकडून करून घ्या.

प्लास्टरच्या टोकाला पायाची बोटं दिसायला हवीत. मोबाइलवर त्याच वेळी फोटो काढून ठेवा, म्हणजे घरी तुलना करता येते. अंगठा हलकेच दाबा. पांढरा पडेल. सोडा. दोन सेकंदांत, फार तर तीन, पुन्हा गुलाबी व्हायला हवा. बाळ सावळं असेल तर नखाखालचा रंग बघा. बोटं कोमट आहेत का? सुजलीत का? बाळ ती हलवतंय का?

बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडली, फार सुजली, किंवा बाळ कशानेच शांत होत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी दवाखाना.

अजून एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. काल दिसणारी बोटं आज आत गेलीत का? गेली असतील तर बोटं आत ओढली गेली नाहीत, प्लास्टर खाली घसरलंय. टाच आपल्या जागेवर राहिलेली नाही. असं प्लास्टर पाऊल दुरुस्त करत नाही, उलट बिघडवतं. त्याच दिवशी परत यायचं.

शीर कापल्यानंतरच्या प्लास्टरवर टाचेजवळ रक्ताचा छोटा डाग येऊ शकतो. त्याला घाबरायचं नाही. डागाभोवती पेनने गोल काढायचा आणि बाजूला वेळ लिहायची. गोलाबाहेर डाग पसरत राहिला, तर डॉक्टरांना कळवायचं. किती साधी गोष्ट! पण त्यामुळे "वाढलाय वाटतं", "नाही हो, तेवढाच आहे" ही चर्चा थांबते.

लंगोट प्लास्टरच्या काठाच्या आत राहील असा बांधा. अंघोळ नको, ओल्या कापडाने पुसून घ्या. आणि आत खाजतं म्हणून काडी, विणायची सुई, काहीही घालू नका. पावडरसुद्धा नको.

हात मोडलेलं मूल : इथे तास मोजायचे असतात

आता थोडं बाजूला जाऊ. "बोटं बघा" हे वाक्य कुठे जीव की प्राण ठरतं, ते बघा. पाच-सात वर्षांचं मूल झाडावरून किंवा ओट्यावरून हात टेकून पडतं आणि कोपराच्या वर हाड मोडतं. मुलांमध्ये हे फार नेहमीचं आहे. सूज येते. वर घट्ट प्लास्टर असेल, किंवा हाडवैद्याने मालीश करून बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या असतील, तर सूज बाहेर कुठे जाणार? ती आत दाबते. स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. काही तासांत, साधारण सहा तासांच्या पुढे, स्नायू कायमचे मरू लागतात. मग बोटं आत वळून आखडतात आणि मनगट वाकडं राहतं. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं, म्हणून आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. आज एवढ्या वर्षांनीही असे हात ओपीडीत येतात. लिहिता न येणारे, ताटातला घास न उचलता येणारे. आणि हे टाळता येण्यासारखं असतं.

सिस्टरने काय ओळखायचं? दुखणं. हाड मोडलंय, दुखणारच, हे खरं. पण हाड बसवल्यावर आणि औषध दिल्यावर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, बोटं हलक्या हाताने सरळ केली तरी मूल किंचाळत असेल, तर सावध व्हा. लहान मूल "मला दुखतंय" असं नीट सांगत नाही. ते घाबरतं, तळमळतं, आणि वेदनेचं औषध वारंवार लागतं. रात्रपाळीच्या सिस्टरने "हट्टी मूल आहे" असं लिहिलं, की हात गेला.

मनगटाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका. नाडी लागत असतानाही आत दाब वाढलेला असू शकतो.

अशा वेळी डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. प्लास्टर आणि त्याखालचा कापूस दोन्ही कातडीपर्यंत उघडावं लागतं. नुसतं वरचं प्लास्टर चिरून भागत नाही. हात उशीवर उंच करू नका, छातीच्या पातळीला ठेवा. एरवी सुजेसाठी आपण हात उंच ठेवतो, पण इथे उंच केल्याने रक्त आणखी कमी पोहोचतं. आणि मुलाला तोंडाने काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

बूट : खरी लढाई

परत क्लबफूटकडे. शेवटचं प्लास्टर निघालं. पाऊल सुंदर सरळ. आजी म्हणते, "झालं ना आता! कशाला बाळाला बेड्या घालता?" आणि इथेच उपचार बुडतो.

बूट म्हणजे एका दांडीला जोडलेले दोन बूट, पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बूट न घालणं. ज्या ओढीने पाऊल वळलं होतं, ती ओढ वाढीच्या वयात शिल्लक असते. प्लास्टरने पाऊल सरळ होतं, बुटाने ते सरळ राहतं.

पहिल्या एक-दोन रात्री बाळ रडतं. हे आधीच सांगा, म्हणजे घर हादरत नाही. बहुतेकदा ते दुखण्याचं रडणं नसतं. पाय वेगवेगळे हलत नाहीत, म्हणून बाळ चिडतं. आईने दांडी धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचे, सरळ करायचे, खेळ करायचा. दोनेक दिवसांत बाळ दोन्ही पाय मिळून मारायला शिकतं.

घालताना सुती मोजा, सुरकुती नको. आधी मधला पट्टा घट्ट करायचा, कारण तोच टाच खाली धरतो. टाच तळाला टेकली का, ते बघायचं. कातडी थोडी लाल होणं चालतं. पण फोड आला, विशेषतः टाचेवर, तर बहुधा बूट सैल आहे आणि टाच आत घासते. म्हणजे पट्टा सैल करायचा नाही, नीट आवळायचा, आणि दवाखान्यात दाखवायचं. लाल जागेवर तेल-क्रीम लावू नका, कातडी मऊ होऊन सोलते.

आणि घरात नियम एकच : झोप म्हणजे बूट. दात घासल्याशिवाय झोपत नाही, तसं. "आज लग्नाला गेलोय", "आज ताप आहे" अशी एकेक सुट्टी घेतली, की मुलाला कळतं, रडलं की बूट निघतात. मग रोज रडणं.

बापाला यात ओढा. सगळं आईवर सोडलं, की ती कधीतरी थकतेच. संध्याकाळचे बूट बाबांनी घालायचे, अशी वाटणी केली, की बूट टिकतात.

गुंडाळणं आणि उचलणं

जाता जाता दोन गोष्टी, ज्या प्रत्येक घरात लागतात. बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधू नका. खुब्याचा सांधा अजून उथळ असतो, पाय जबरदस्तीने सरळ आणि जवळ ठेवले तर तो निसटू शकतो. जपानमध्ये १९७५च्या सुमारास पाय मोकळे ठेवण्याची मोहीम झाली आणि खुबा निसटण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. छातीशी गुंडाळा, खाली पाय बेडकासारखे दुमडू द्या. आपली कडेवर घेण्याची रीत, पाय फाकलेले, खुब्यासाठी चांगलीच आहे.

दुसरं, ठिसूळ हाडांचं बाळ असेल तर लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत. कुल्ल्यांखाली तळहात घालून उचला. आणि स्नायू अशक्त असलेल्या मुलाला काखेत हात घालून उचलू नका, खांदे सैल असल्याने ते हातातून निसटतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्याकडे मालीशवाली बाई म्हणते, तीन महिने तेल लावून पाऊल सरळ करते. तोवर थांबलं तर चालेल?

उत्तर : नको. मालीशने बाळ सुखावतं, क्लबफूट सरळ होत नाही. आणि ते तीन महिने सगळ्यात मोलाचे असतात. मालीशवाल्या मावशींना शत्रू मात्र करू नका. गावात बाळाचं पाऊल सगळ्यांत आधी त्याच बघतात. "असं पाऊल दिसलं तर आमच्याकडे धाडा" असं त्यांना सांगा.

प्रश्न : माझा पुतण्या चार वर्षांचा आहे, वाकड्या पावलावरच चालतो. आता उशीर झाला का?

उत्तर : उशीर झालाय, पण दार बंद नाही. चालणाऱ्या मुलांमध्येही ही पद्धत वापरतात. प्लास्टरं जास्त लागू शकतात, कधी शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. आठवडाभरात दाखवा. खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला किंवा आशाताईंना सांगा, त्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवतील.

प्रश्न : मी वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. रात्री एकटी, पेशंट चाळीस. दर तासाला प्रत्येकाची बोटं कशी बघणार?

उत्तर : खरा प्रश्न विचारलात. सगळ्यांची दर तासाला नाही बघता येणार. मग आधी कोण? ज्यांचं प्लास्टर किंवा ऑपरेशन आजच झालंय, आणि ज्यांचा कोपर किंवा नडगी मोडलीय. अशी तीन-चारच मुलं निघतात. त्यांच्या खाटा नर्सिंग स्टेशनजवळ घ्या. शेजारी बसलेल्या आईला बोट दाबून बघायला शिकवा आणि तिला सांगा, "दुखणं वाढलं तर मला उठवा, मी रागावणार नाही." हे शेवटचं वाक्य नक्की बोला. आया घाबरतात हो आपल्याला. आणि जे बघितलं ते वेळेसह लिहा. "बोटं गुलाबी, कोमट, हलवतो, रात्री ११." एवढं पुरे. सकाळी दोन वाजताची आणि चार वाजताची नोंद शेजारी शेजारी ठेवली, की बिघडायला कधी लागलं ते डॉक्टरांना एका नजरेत दिसतं.